गाडीच्या काळ्या काचा आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या फिल्मबद्दल ऐकीव माहिती फार फिरते. ‘पन्नास टक्के चालते’, ‘मागे काहीही लावा’, ‘कंपनीची काच असली की कोणी विचारत नाही’. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या देशात खरं आहे आणि दुसऱ्या कुठेतरी त्याच वाक्यापायी दंड बसतो. म्हणून खालच्या उत्तरांत नियम कोणत्या देशाचा, ते दरवेळी सांगितलं आहे. दंड आणि अटी बदलत राहतात. फिल्मवर पैसे घालण्याआधी गाडी जिथे चालणार तिथल्या परिवहन खात्याचा ताजा नियम पाहून घ्या.

काच किती काळी आहे हे कायदा कशावरून ठरवतो?

आरपार येणाऱ्या उजेडावरून. काचेवर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी किती टक्के पलीकडे पोहोचतो, त्या आकड्याला व्हीएलटी म्हणतात. आकडा मोठा तेवढी काच स्वच्छ, आकडा लहान तेवढी गडद. ७० टक्क्यांची काच साध्या नजरेला पारदर्शकच वाटते. ५० ला हलकी झाक दिसते. ३५ ला आतला माणूस दिवसाही अंधुक दिसतो, आणि २० च्या खाली गेलं की बाहेरून फार तर आकृती कळते. अमेरिकेत ५ टक्क्यांच्या फिल्मला ‘लिमो’ म्हणतात.

दुकानात गल्लत होते ती इथेच. काही लोक ‘तीस टक्के’ म्हणताना किती उजेड येतो ते सांगत असतात, काही किती उजेड अडतो ते. पहिल्या अर्थाने ही गडद फिल्म झाली, दुसऱ्या अर्थाने जवळजवळ साधी काच. आकडा कानावर आला की तो येणाऱ्या उजेडाचा की अडणाऱ्या, हे आधी विचारा.

काचेला ७० टक्क्यांची अट आहे. मी ७० टक्क्यांची फिल्म लावली. म्हणजे मी नियमात बसलो ना?

बहुतेक वेळा नाही. कायदा फिल्म मोजत नाही, काच आणि फिल्म मिळून जे होतं ते मोजतो. आणि हे दोन आकडे गुणले जातात. गाडीची मूळ काच ८० टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म बसली, तर आत येतो तो ८० चा ७० टक्के, म्हणजे ५६.

हल्लीच्या गाड्यांच्या काचा मुळातच किंचित हिरवट असतात. उष्णता कमी व्हावी म्हणून कारखान्यातच तशा बनवलेल्या. त्यामुळे बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या काचा ७० च्या थोड्याच वर असतात आणि तिथे कोणत्याही फिल्मला जागाच उरत नाही. कॅलिफोर्नियाचा नियम म्हणूनच दुहेरी आहे: पुढच्या बाजूच्या काचांवरची फिल्म स्वतः किमान ८८ टक्के उजेड सोडणारी हवी, आणि काच धरून एकूण आकडा ७० च्या खाली जाता कामा नये. फिल्मच्या पाकिटावर छापलेला आकडा पोलिसाला दाखवून काही उपयोग होत नाही, तो याच गुणाकारामुळे.

सगळ्या काचांना एकच नियम का नाही?

कारण प्रत्येक काचेतून कोणी काय पाहायचं, ते वेगळं असतं. पुढच्या काचेतून आणि चालकाच्या दोन्ही बाजूंच्या काचांतून गाडी चालवली जाते: समोरचा रस्ता, बाजूचे आरसे, चौकात आडवा येणारा सायकलवाला. इथे जवळपास सगळे देश कडक आहेत आणि बहुतेकांचा आकडा ७० च्या आसपास आहे. मागच्या सीटजवळच्या काचांतून चालक क्वचितच पाहतो, म्हणून तिथे सैलपणा. सगळ्यात मागची काच मधोमध पडते. ती गडद असेल तर आतला आरसा निरुपयोगी होतो, म्हणून जर्मनीसारखे देश ती काळी करायची तर बाहेर दोन्ही बाजूंना आरसे असण्याची अट घालतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही हेच तत्त्व आहे.

हा एक मुद्दा डोक्यात ठेवला तर अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. भारताने मात्र वेगळी वाट धरली, तिच्याबद्दल खाली सविस्तर.

पुढच्या काचेच्या वरच्या कडेची निळसर किंवा हिरवी पट्टी चालते का?

कारखान्यातून आलेली असेल तर साधारण सगळीकडे चालते. ती उन्हाची तिरीप अडवायला असते आणि चालकाच्या नजरेच्या रेषेच्या वर राहते. नंतर चिकटवलेल्या पट्टीला मर्यादा आहेत. अमेरिकेत बऱ्याच काचांवर कडेला बारीक अक्षरांत ‘एएस-१’ अशी खूण असते आणि तिच्या खाली पट्टी येऊ नये, असा अनेक राज्यांचा नियम आहे. काही राज्यं सरळ इंचात सांगतात. मिशिगनमध्ये तर पुढच्या बाजूच्या काचांवरही वरच्या ४ इंचांपुरतीच फिल्म लावता येते.

मला आतून सगळं स्वच्छ दिसतं. मग सरकारला अडचण काय?

दुपारी दिसतं, हे खरं. डोळा उजेडाशी इतका सहज जुळवून घेतो की भर उन्हात अर्धा उजेड कापला गेला तरी जाणवत नाही. फिल्म लावून घेणारा माणूस दुकानासमोर दिवसाढवळ्या बाहेर पाहतो आणि म्हणतो, काहीच फरक नाही. फरक रात्री पडतो. गडद कपड्यांतला पादचारी, दिवा नसलेली सायकल, रस्त्याकडेला उभा ट्रॅक्टर, या गोष्टी मुळातच दिसण्याच्या काठावर असतात. २० टक्क्यांच्या काचेतून त्यांच्याकडून येणाऱ्या उजेडाचा पाचवा हिस्साच डोळ्यापर्यंत पोहोचतो. समोरच्या गाडीचे दिवे, सिग्नल, दुकानांच्या पाट्या ठळकच दिसत राहतात, त्यामुळे आपल्याला नीट दिसतंय असा भरवसाही टिकून राहतो. रात्री गॉगल घालून गाडी चालवण्यासारखंच हे, फक्त हा गॉगल काढता येत नाही. वय वाढतं तशी बाहुली रात्री पूर्वीइतकी उघडत नाही आणि डोळ्यातलं भिंगही कमी उजेड सोडतं, म्हणून साठीच्या चालकाला याचा फटका पंचविशीतल्यापेक्षा जास्त बसतो. पावसाळी संध्याकाळी तर तो सगळ्यांनाच बसतो.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. पुढची काच तिरकी असते आणि चालक तिच्यातून आडवं पाहतो. काचेला काटकोनात मोजलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात डोळ्यापर्यंत येणारा उजेड कमीच असतो. काच जितकी झुकलेली, तितकी ही घट मोठी.

मग बाहेरच्यांचा प्रश्न येतो. चौकात आपण एकमेकांच्या गाडीत पाहून वाट ठरवतो. समोरच्याने आपल्याला पाहिलंय का, तो थांबणार की निघणार, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. रस्ता ओलांडणारा माणूस चालकाची नजर शोधतो. काच काळी असली की हा व्यवहार बंद पडतो. सीटबेल्ट लावलाय की नाही, हातात मोबाइल आहे की नाही, हे पोलिसाला किंवा कॅमेऱ्याला दिसत नाही. बंद गाडीत लहान मूल अडकलं तर बाजूने जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. थांबवलेल्या गाडीजवळ जाताना आत किती माणसं आहेत आणि त्यांच्या हातात काय आहे हे न दिसणं, हा पोलिसांच्या दृष्टीने सुरक्षेचा प्रश्न आहे. अमेरिकेत टिंटचे, म्हणजे काचा गडद करण्याबाबतचे, कायदे कडक ठेवण्यामागे हे कारण वारंवार दिलं जातं.

कंपनीतून आलेली गडद काच आणि बाहेर लावून घेतलेली फिल्म, यात फरक का करतात?

कंपनीची काच चाचणीतून गेलेली असते. ती किती उजेड सोडते, फुटली तर तुकडे कसे होतात, हे आधी तपासून प्रमाणित केलेलं असतं आणि रंग काचेच्या आतच असतो. बाजूच्या काचा कठीण केलेल्या असतात. त्या फुटल्यावर बारीक गोटीसारखे तुकडे होतात, म्हणजे कापत नाही आणि अपघातात काच फोडून बाहेर येता येतं. वरून फिल्म चिकटवली की ते तुकडे एकत्र धरून राहतात. याला कोणी फायदा म्हणेल, कोणी अडथळा. पण काचेचं वागणं बदललं, एवढं नक्की.

अमेरिकेत यातूनच एक गंमत झाली आहे. केंद्रीय मानकानुसार साध्या सेडानच्या सगळ्या खिडक्यांना कारखान्यात ७० टक्क्यांची अट लागते. एसयूव्ही आणि व्हॅन मात्र वेगळ्या वर्गात मोडतात आणि त्यांना चालकामागच्या काचा गडद ठेवायची मोकळीक आहे. म्हणून तिथल्या शोरूममध्ये मागे काळ्या काचांची एसयूव्ही दिसते आणि शेजारची सेडान स्वच्छ काचांची असते. चालकाला मागचं दिसण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे. नियम पाळला जातो तो गाडीच्या वर्गाप्रमाणे, आणि माझ्या मते या फरकाला फारसा अर्थ नाही.

भारतात नेमका नियम काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० हा याचा पाया. पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के, बाजूच्या काचा किमान ५० टक्के उजेड सोडणाऱ्या हव्यात. काच भारतीय मानकात बसणारी सुरक्षा काच हवी.

हा नियम असूनही दोन दशकं फिल्मचा धंदा जोरात चालला, कारण पन्नास टक्क्यांपर्यंत फिल्म लावता येते असा सगळ्यांनी अर्थ लावला होता. ‘अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार’ या जनहित याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तो अर्थ मोडीत निघाला. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. ए. के. पटनायक आणि न्या. स्वतंतर कुमार यांचं ते पीठ होतं. नियमातले ७० आणि ५० हे आकडे काच बनवतानाचे आहेत; तयार काचेवर नंतर काही चिकटवायची परवानगी नियम देत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा दुसरं कोणतंही साहित्य काचांवर लावायला देशभर मनाई झाली आणि ४ मे २०१२ पासून ती लागू झाली.

फिल्म बनवणारे आणि विकणारे पुन्हा न्यायालयात गेले. ३ ऑगस्ट २०१२ च्या आदेशात त्यांची मागणी फेटाळली गेली. नुसतं चलन फाडून सोडू नका, फिल्म तिथल्या तिथे उतरवा, असंही पोलिसांना बजावण्यात आलं. मात्र कारखान्यातूनच हलकी झाक असलेली काच, ७० आणि ५० च्या मर्यादेत असेल तर, या निकालाने बेकायदा ठरलेली नाही.

सरसकट बंदी बोथट आहे, हे मान्य करायला हवं. ऊन अडवणारी पारदर्शक फिल्मही तिच्यात सापडली. पण रस्त्यावर उभ्या पोलिसाला मीटरशिवाय ५० आणि ४० मधला फरक कळत नाही, फिल्म आहे की नाही हे नखाने कळतं. अंमलबजावणीच्या बाजूने पाहिलं तर त्या बंदीत शहाणपण होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत सामूहिक बलात्कार झाला ती बस काळ्या काचांची आणि पडद्यांची होती. निकालाला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते.

पण आता फिल्म कायदेशीर झाली, असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं, आणि हाच भाग सध्या सगळ्यात गोंधळाचा आहे.

२०२० मध्ये नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आधी नियमात फक्त सुरक्षा काच होती, आता तिच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला. २०१९ च्या सुधारित भारतीय मानकात या ग्लेझिंगमध्ये आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही धरली आहे. आकडे तेच राहिले: पुढे-मागे ७०, बाजूंना ५०.

यावर केरळ उच्च न्यायालयात प्रश्न गेला. २०१२ चा निकाल जुन्या शब्दांवर होता. नियमाचे शब्दच बदलले, मग तो तसाच कसा लावायचा? सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. एन. नागरेश यांनी ठरवलं की मानकात बसणारं आणि ७०-५० ची मर्यादा पाळणारं ग्लेझिंग चालतं, ते फक्त गाडी बनवणाऱ्यानेच लावलं पाहिजे असं नाही आणि त्यासाठी मालकाला दंड करता येणार नाही.

आता यातून काय घ्यायचं? पहिलं, हा उच्च न्यायालयाचा निकाल आहे. दुसऱ्या राज्यातला वकील तो आधाराला दाखवू शकतो, पण तिथला हवालदार चौकात तो मानेलच असं नाही. दुसरं, मर्यादा गेलेली नाही. वर सांगितलेला गुणाकार इथेही लागतो, त्यामुळे मागच्या काचेवर ५० टक्क्यांची फिल्म या निकालानंतरही बेकायदाच. तिसरं, बाजारातली कुठलीही स्वस्त काळी फिल्म म्हणजे ‘ग्लेझिंग’ नव्हे. मानकाचा शिक्का आणि विक्रेत्याचं प्रमाणपत्र हवं. ‘आता सगळं चालतं’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडे ते प्रमाणपत्र मागा. पुढचं संभाषण कसं वळतं त्यावरून बरंच कळेल.

मंत्री आणि बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांना सूट आहे?

पदामुळे नाही. २०१२ च्या निकालात वाट ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी. तीही आपोआप मिळत नाही. पोलीस महासंचालक किंवा आयुक्त आणि गृहसचिव यांची समिती प्रकरण पाहून प्रमाणपत्र देते आणि ते सरकारी गाडीपुरतं असतं. बोनेटवर पक्षाचा झेंडा हे प्रमाणपत्र नव्हे.

पडदे, जाळीच्या सावल्या, काचेला चिकटणारे कापडी शेड?

भारतातल्या निकालाचे शब्द ‘काळी फिल्म किंवा इतर कोणतंही साहित्य’ असे व्यापक आहेत आणि पोलीस त्यात जाळ्या आणि पडदेही धरतात. केरळच्या मोटार वाहन विभागाने जानेवारी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन स्क्रीन’ नावाची मोहीमच काढली होती. तिच्यात पडदे लावलेल्या सरकारी गाड्याही सापडल्या. उभ्या गाडीत शेड लावायला कोणी अडवत नाही. चालत्या गाडीत, विशेषतः पुढच्या खिडक्यांना, लावू नका. मागे बाळ असेल आणि ऊन थेट तोंडावर येत असेल तर बरेच पोलीस समजून घेतात, पण हा समजूतदारपणा झाला, हक्क नव्हे.

भारतात दंड किती?

वेगळं कलम नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लागतं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत. त्याआधी हेच आकडे १०० आणि ३०० होते. वारंवार सापडणाऱ्याची आरसी निलंबित करायचा अधिकार नोंदणी प्राधिकाऱ्याला कलम ५३ खाली आहे. खरा भुर्दंड मात्र फिल्मचा पडतो. हजारो रुपयांची वस्तू रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत फाडली जाते.

इतर देशांत काय चित्र आहे?

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ नंतर रस्त्यावर आलेल्या गाड्यांना पुढची काच किमान ७५ टक्के आणि पुढच्या बाजूच्या काचा किमान ७० टक्के. त्याहून जुन्या गाड्यांना दोन्हीकडे ७०. मागच्या काचांना मर्यादाच नाही. पुढची काच जास्त गडद सापडली तर टिंट काढेपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, अशी नोटीस मिळू शकते.

फ्रान्सने बराच काळ ढिलाई ठेवली होती. १ जानेवारी २०१७ पासून पुढच्या सगळ्या काचांना ७० टक्के सक्तीचे झाले. मोडल्यास १३५ युरो दंड आणि परवान्यावरचे ३ गुण वजा. आधीपासून लावलेल्या फिल्मही काढाव्या लागल्या. जर्मनीत पुढच्या काचेवर आणि पुढच्या खिडक्यांवर गडद फिल्मला थारा नाही, मागे लावायची तर मान्यता क्रमांक असलेलीच लागते. जपानमध्ये पुढे ७०. ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांत बाजूच्या काचांना ३५. संयुक्त अरब अमिरातीत आधी ३० टक्क्यांपर्यंत टिंट (हा आकडा अडणाऱ्या उजेडाचा) चालायचं, २०१७ मध्ये ते ५० वर नेलं. पुढची काच मात्र वगळून. तिथलं ऊन पाहता त्यात नवल नाही.

नायजेरियाचं उदाहरण वेगळं आहे. तिथे १९९१ पासून गडद काचांवर बंदीचा कायदा आहे आणि पोलिसांकडून परवाना घेऊन सूट मिळवावी लागते. त्या परवान्यावरून तिथे आजही वाद झडतात.

अमेरिकेत तर पन्नास राज्यांचे जवळपास पन्नास नियम. पुढच्या बाजूच्या काचांचंच पाहा: न्यूयॉर्क ७०, मॅसॅच्युसेट्स ३५, ॲरिझोना ३३, फ्लोरिडा २८, टेक्सास २५. न्यू जर्सीत पुढे फिल्मच नको. दक्षिणेकडे आकडे खाली घसरतात, त्याला उन्हाचं कारण आहेच, पण सगळं उन्हाने ठरत नाही. कॅलिफोर्निया तापत असूनही ७० वर ठाम आहे. लाल, निळ्या, पिवळसर रंगाच्या आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या फिल्मवर अनेक राज्यांत वेगळी बंदी आहे.

माझ्या राज्यात कायदेशीर फिल्म लावून शेजारच्या राज्यात गेलो तर?

अमेरिकेत हा रोजचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर राज्याराज्यागणिक बदलतं. काही ठिकाणी बाहेरच्या नोंदणीच्या गाडीकडे काणाडोळा होतो, काही ठिकाणी चलन हातात पडतं. न्यूयॉर्कने १ जानेवारी २०१७ पासून टिंटची तपासणी वार्षिक गाडीतपासणीतच घातली, म्हणजे रस्त्यावर कोणी अडवलं नाही तरी तिथे सापडणारच. उलट व्हर्जिनियात १ मार्च २०२१ पासून निव्वळ टिंटसाठी पोलिसाला गाडी थांबवता येत नाही. नियम तिथे रद्द झालेला नाही; फक्त थांबवायला ते एकटं कारण पुरत नाही. काळ्या काचांचं निमित्त करून ठराविक लोकांनाच अडवलं जातं, या तक्रारींतून तो बदल आला.

पोलीस काच मोजतात कशी? मीटरचा आकडा मागू शकतो का?

मीटर हातात मावणारा असतो. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड टिपणारा डोळा. आधी दोन्हीमध्ये काही नसताना तो १०० दाखवतोय ना ते पाहतात. मग खिडकी थोडी खाली करून काचेची कड मीटरच्या खाचेत घालतात आणि दोन सेकंदांत आकडा येतो. पुढच्या आणि मागच्या बंद काचेला खाच उपयोगाची नाही. तिथे दोन तुकड्यांचा मीटर लागतो, एक आत आणि एक बाहेर, चुंबकाने समोरासमोर धरलेले.

काच मळलेली असेल तर आकडा खाली येतो. म्हणून मोजण्याआधी काच पुसायला सांगणं हा आगाऊपणा नाही. ज्या देशांत नियम टक्केवारीचा आहे तिथे आकडा काय आला हे विचारणं आणि तो चलनावर लिहून घेणं रास्त आहे. पुढे हरकत घ्यायची झाली तर तेच हाताशी असतं. भारतात २०१२ च्या निकालानुसार फिल्म असणं हाच दोष, त्यामुळे मीटरशिवायही चलन होतं. ग्लेझिंगचा दावा करणाऱ्याला मात्र आता मीटरचाच आधार आहे.

त्वचेचा आजार आहे. डॉक्टरांची चिठ्ठी चालेल?

ल्युपस, पॉर्फिरिया, झेरोडर्मा पिगमेंटोसम अशा आजारांत ऊन खरोखरच घातक असतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत यासाठी रीतसर सवलत आहे: डॉक्टरांचा दाखला, खात्याची मंजुरी आणि तो कागद गाडीत. फ्रान्सनेही अशा आजारांसाठी सूट ठेवली. नुसती चिठ्ठी दाखवून बऱ्याच ठिकाणी भागत नाही, आधी मंजुरी लागते. भारतातल्या २०१२ च्या निकालात सूट ठेवली ती सुरक्षेच्याच कारणाने. अशा रुग्णांनी गडद फिल्मपेक्षा अतिनील किरण अडवणाऱ्या पारदर्शक, मानकात बसणाऱ्या थराची चौकशी करावी. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

गडद फिल्म नाही लावली तर ऊन कसं थांबणार?

काळेपणा आणि थंडावा यांचं नातं लोक समजतात तेवढं घट्ट नाही. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा इन्फ्रारेड किरणांत असते आणि ते डोळ्याला दिसतच नाहीत. ते अडवणारी सिरॅमिक फिल्म किंवा तसा थर दिलेली काच दिसायला स्वच्छ राहूनही गाडी बरीच थंड ठेवते. उलट साधी रंगवलेली काळी फिल्म उजेड शोषून स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. फिल्म निवडताना व्हीएलटीसोबत एकूण सौरऊर्जा किती अडते तो आकडा विचारा.

अतिनील किरणांचंही तसंच. पुढची काच दोन थरांमध्ये प्लास्टिक दाबून बनवलेली असते आणि ती हे किरण जवळजवळ सगळे अडवते. बाजूची काच एकेरी असते, तिच्यातून काही आत येतात. त्यांना रोखायला पारदर्शक थर पुरतो. एक सूचना: धातू असलेल्या फिल्म जीपीएस, मोबाइल आणि टोलच्या टॅगच्या सिग्नलमध्ये आड येऊ शकतात.

जुनी गाडी घेतोय. काच मूळची आहे की फिल्म लावलेली, ते कसं ओळखायचं?

खिडकी अर्धी खाली करा आणि काचेची वरची कड पाहा. फिल्म असेल तर कडेपासून एखादा मिलिमीटर आत तिची रेघ दिसते. मूळ गडद काचेला ती रेघ नसते, कडसुद्धा रंगीत दिसते. आतल्या बाजूने कोपऱ्यात नख घासलं की फिल्म अडखळते. फुगे आणि जांभळट पडलेला रंग ही जुन्या, स्वस्त फिल्मची खूण.

मग काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. युरोपीय पद्धतीच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा आकडा असतो, खाली ‘४३आर’ ने सुरू होणारा क्रमांक. त्याच्या जवळ रोमन पाच असेल तर ती काच ७० टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी म्हणूनच मंजूर झाली आहे. ती मागच्या दारांना शोभते. पुढच्या दाराला सापडली तर कोणीतरी काच बदललेली आहे. आधीच्या मालकाने लावलेल्या फिल्मचा दंड नव्या मालकालाच भरावा लागतो, तेव्हा सौद्यातच ती काढून मागा.

फिल्म काढायचीच आहे. घरी जमेल?

बाजूच्या काचांवर जमेल. हेअर ड्रायरने कोपरा गरम करा, फिल्म मऊ झाली की नखाने उचला आणि ऊब देत देत सावकाश ओढा. घाई केली तर फिल्म येते आणि गोंद काचेवरच राहतो. तो साबणाच्या पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पात्याने खरवडा. मागच्या काचेला मात्र स्वतः हात लावू नका. तिच्या आतल्या अंगाला धुकं घालवणाऱ्या बारीक तारा छापलेल्या असतात, धातूचं पातं त्यांच्यावर आडवं फिरलं की त्या तुटतात आणि काच बदलायचा खर्च येतो. वाफेचं यंत्र असलेल्या माणसाकडून ती एक काच काढून घ्या.